उंच कपाट भिंतीला कसं बांधायचं? चिऱ्याची भिंत, पत्र्याचं कपाट आणि आईची खाट

टिळकवाडीची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण महिनाभर डोक्यातून जात नाही.

आईला खानापूर तालुक्यातल्या गावाहून कायमचं आमच्याकडे आणलं. आमचा फ्लॅट बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर. तिच्याबरोबर तिचं लग्नातलं पत्र्याचं कपाट आलं. उंची साडेसहा फूट, खोली जेमतेम एकोणीस इंच, खाली चार इंचांचा लोखंडी स्टँड. वर दोन सूटकेसा, पितळी पातेलं आणि गौरी-गणपतीच्या सामानाचं खोकं. खोली लहान, त्यामुळे खाट कपाटाच्या समोरच आली. कपाटापासून तिच्या उशीपर्यंतचं अंतर टेप लावून मोजलं. साडेतीन फूट. म्हणजे कपाट पुढं आलं तर वरचा भाग थेट तिच्या छातीवर.

हे मोजायचं सुचलं ते आईमुळे. ती रात्री उशी उचलून पायथ्याकडे नेते. दोन-तीनदा बघितलं आणि विचारलं, तेव्हा तिनं सदुसष्टची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे चार वाजून गेले होते. आई बारा वर्षांची, स्वयंपाकघरात आजीजवळ झोपलेली. कोपऱ्यात उतरंड. आधी फळीवरच्या डब्यांची झाकणं वाजायला लागली. मांजर असेल म्हणून आजीनं झोपेतच हाड केलं. मग उतरंडीचं सगळ्यात वरचं गाडगं आलं आणि पाठोपाठ सगळी उतरंड. आजीनं आईला पायाला धरून ओढलं. खालच्या मडक्यात नाचणी होती. उजाडल्यावर दोघी सारवलेल्या जमिनीवरून नाचणी वेचत बसल्या होत्या आणि त्यात खापऱ्या मिसळलेल्या, म्हणून बोटं कापली. आई अजून ती बोटं दाखवते.

मागच्या रविवारी आणखी एक झालं. चार वर्षांच्या भाच्यानं कपाटाची दोन्ही दारं उघडून खालच्या खणावर पाय दिला आणि वर चढायला गेला. कपाटाचे मागचे पाय स्टँडवरून बोटभर उचलले. मी शेजारीच होते, दोन्ही तळहातांनी दाबून धरलं. हातपाय नंतर अर्धा तास कापत होते.

हे कपाट भिंतीला पक्कं बांधायचं आहे. कुणी केलंय का? कोणत्या भिंतीला काय धरतं?

निपाणीकर

ताई, चांगला विषय काढलात. पण आपल्याकडं भूकंप तो काय येणार? आमच्या आयुष्यात एकदा ९३ ला जाणवला तेवढाच. खर्च करण्याआधी एवढा विचार करा.

स्थापत्य_शिक्षक

निपाणीकर, तुमची शंका बहुतेकांच्या मनात असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतीय मानक १८९३, म्हणजे भूकंपाचा विचार करून इमारती बांधायचे नियम. त्यात देशाचे भूकंपाच्या धोक्यानुसार झोन पाडलेत, आकडा मोठा तसा धोका जास्त. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे, कोयना चौथ्या. आपल्यापासून कोयनानगर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. आणि ज्या ९३ चा तुम्ही उल्लेख केलात, त्या किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तिथल्याही लोकांना "आपल्याकडं काय येणार" असंच वाटत होतं. पुढे २००२ मध्ये तो पहिला झोनच नकाशातून काढून टाकला.

आता कपाटाचं गणित. वस्तू किती हलवली की डुलायला लागते, याचा ढोबळ नियम सोपा आहे: खोली भागिले उंची. तुमचं कपाट १९ इंच खोल आणि ७८ इंच उंच. भागाकार आला ०.२४. म्हणजे जमिनीचा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या चौथ्या हिश्श्याजवळ गेला की कपाटाची मागची कड उचलायला लागते. उचललं म्हणजे पडलंच असं नाही, आधी ते पुढंमागं डुलतं. पण त्याच लयीत आणखी दोन-तीन हिसके आले की येतं खाली.

तिसऱ्या झोनसाठी त्या आवृत्तीत धरलेला आकडा ०.१६ आहे, म्हणजे हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ०.१६ पट. तुम्ही म्हणाल, ०.२४ पेक्षा कमीच आहे की. पण तो जमिनीचा. इमारत वर जावी तशी जास्त हलते, आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात. शिवाय ०.२४ हे वजन सगळीकडे सारखं असेल तेव्हाचं. वर सूटकेसा आणि पितळ, खाली हलक्या साड्या असं असेल तर आकडा घसरतो. स्टँडमुळे उंची चार इंच वाढली, बूड तेवढंच राहिलं. तिथं आणखी घसरला.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. वरचं सगळं आजच खाली उतरवा. पितळ, लोखंड, कागदांचे गठ्ठे सगळ्यात खालच्या खणात.

टिळकवाडीची_लेक

सर, आजच उतरवते. पण भिंतीला बांधायचं म्हणजे दीडशे किलोचं कपाट दोन स्क्रूंवर कसं तोलायचं, हेच मला कळत नाही.

स्थापत्य_शिक्षक

तोलायचं नाहीच. वजन जमिनीवरच राहतं. भिंतीनं फक्त वरचं टोक पुढं येऊ द्यायचं नाही.

दीडशे किलोचं भरलेलं कपाट धरा. हिसका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका, म्हणजे बराच मोठा. गणित मांडलं तर वरच्या कडेला जी ओढ येते ती वीसेक किलोची. एका मोठ्या घागरीएवढी. दोन चांगले स्क्रू हे सहज पेलतात.

अट एकच, बांधणी घट्ट हवी. पट्टी अर्धा इंच सैल राहिली तर कपाट तेवढं पुढं येऊन वेग घेतं आणि मग ओढ न राहता झटका बसतो. भिंतीतून स्क्रू उपटतात ते अशा झटक्यानं. आणि बांधायचं वरच्या कडेलाच. कमरेइतक्या उंचीवर बांधलं तर तीच ओढ दुप्पट होते.

जपानमध्ये यावर फार काम झालंय. टोकियोचा अग्निशमन विभाग लोकांना सांगतो की अलीकडच्या भूकंपांत जखमी झालेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्के लोक फर्निचर पडल्यानं किंवा घसरल्यानं जखमी झाले. त्यांची घरं उभी होती, आतलं सामान अंगावर आलं.

उद्यमबागवाला

मी फॅब्रिकेशन करतो, त्यामुळं पत्र्याच्या कपाटाचं मी सांगतो.

कपाटाच्या पाठीचा पत्रा पातळ असतो, पाऊण-एक मिलिमीटरचा. त्यात नुसता सेल्फ स्क्रू मारला तर ओढ आल्यावर पत्रा कागदासारखा फाटतो. हे मी डोळ्यानं बघितलंय. एका गिऱ्हाइकाचं कपाट हलवताना जुना स्क्रू पत्र्याचा गोल तुकडा घेऊनच बाहेर आला. म्हणून स्क्रू नको, बोल्ट. वरच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, तिथं दुहेरी जाडी मिळते. त्या दुमडीत भोक पाडा, ६ मिमीचा बोल्ट आरपार, आतून रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा वॉशर आणि नट. भोकाच्या कडेला रेड ऑक्साईडचं बोट फिरवायला विसरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिन्याभरात तिथून गंज धरतो.

भिंतीकडं एल पट्टी. बाजारातली पडद्याच्या रॉडची पातळ पट्टी नको, हातानं वाकते. ३ मिमी जाड, दोन्ही बाजू दोन-दोन इंच. कपाटाच्या दोन्ही टोकांना एक-एक.

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. खाली भिंतीला स्कर्टिंगची टाइल असते, तिच्यामुळं कपाटाचं बूड भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच पुढं राहतं. वर तेवढीच फट. ती फट तशीच ठेवून पट्टी आवळली की पत्रा मागं ओढला जातो आणि दार तिरकं होऊन लागत नाही. फटीत लाकडाचा ठोकळा भरा, मग आवळा.

आणि ताई, तो स्टँड. कपाट त्याच्यावर नुसतं ठेवलेलं असतं. बोल्ट नाही, काही नाही. तुमच्या भाच्यानं ओढलं तेव्हा पाय स्टँडवरून उचलला तो त्याच्यामुळंच. एकतर स्टँड काढा, नाहीतर कपाटाचे पाय त्याला चार बोल्टनी जोडा. पुसायला सोपं जातं म्हणून लोक स्टँड ठेवतात, ते बरोबर आहे, पण जोडून ठेवा.

जांबोटी_रोड

सगळं बरोबर, पण सगळा खेळ भिंतीवर आहे. आमच्या खानापूर भागात निम्मी घरं चिऱ्याची. वडील आणि मी मिळून चाळीस वर्षं चिऱ्याचं बांधकाम केलंय, म्हणून सांगतो.

चिरा, म्हणजे जांभा, खाणीतून काढला की मऊ असतो आणि वाऱ्यावर कडक होत जातो. पण कडक झाला तरी आत बारीक-बारीक पोकळ्या राहतात. ड्रिलला हातोड्याची हालचाल चालू ठेवून भोक पाडलंत तर आतला चिरा पीठ होतो आणि ८ चं भोक ११ चं होऊन बसतं. प्लग, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती नळी, त्यात फिरतो. वरून दिसायला पक्का, हातानं ओढला की आला. चिऱ्यात हातोडी बंद करून नुसतं फिरवत भोक पाडायचं, बिट एक नंबर लहान घ्यायचा, प्लग लांब घ्यायचा, चार इंचांपर्यंत. आणि दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात कधी नाही. जुन्या घरात सांधा मातीचा किंवा चुन्याचा असतो, त्याला काही पकड नसते. चिऱ्याच्या मधोमध.

त्याहून चांगला उपाय जुनाच आहे. भिंतीवर आधी सागवानाची किंवा फणसाची जाड रीप आडवी मारा, चार-पाच फूट लांब, पाच-सहा ठिकाणी प्लग देऊन. मग कपाट त्या रिपेला बांधा. एखादा प्लग सुटला तरी बाकीचे धरतात. भिंत आपलीच असेल आणि पलीकडं अंगण असेल तर आरपार बोल्ट आणि बाहेरून लोखंडी प्लेट. याच्याइतकं पक्कं काही नाही.

जुन्या माणसांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला होता. आमच्या घरी फडताळ आहे, भिंतीच्या जाडीत बसवलेलं. देवळी, कोनाडे, सगळं भिंतीच्या आत. ते पुढं पडणारच नाही. उतरंड तेवढी सुटी असायची, आणि ताईंच्या आईच्या गोष्टीत पडली ती उतरंडच.

हलग्याची_सूनबाई

जांबोटी रोडवाले काका, आमचं घर मातीच्या भिंतींचं आहे, वर मंगळुरी कौलं. सासऱ्यांच्या खोलीत तिजोरीचं कपाट आहे. त्याला काय करायचं?

जांबोटी_रोड

सूनबाई, मातीच्या भिंतीला कपाट बांधू नका. भिंत कपाटाला धरणार नाही, उलट कपाटच भिंतीचा लगदा ओढेल. खांब किंवा तुळई असेल तर लाकडाला बांधा. लाकडात स्क्रू छान बसतो. खांब दूर असेल तर कपाट खोलीच्या अशा कोपऱ्यात न्या की पुढं पडलं तरी खाटेवर आणि दारात पडणार नाही.

स्थापत्य_शिक्षक

काकांचं उत्तर योग्य आहे आणि मला त्याला जोडून गंभीरपणे एक सांगायचंय. किल्लारीत माणसं गेली ती कपाटांखाली नव्हे. माती-दगडांच्या जाड भिंती आणि त्यावरची मातीची जड धाबी खाली आली. तेव्हा मातीच्या घरात कपाट हा दुसरा प्रश्न, पहिला भिंतीचा. भिंतीच्या कोपऱ्यांना उभी भेग आहे का, भिंत पोट काढून बाहेर आलीय का, हे आधी बघा. असेल तर सासऱ्यांची खाट त्या भिंतीपासून आज दूर घ्या, आणि जाणत्या गवंड्याला दाखवा.

वडगाव_माग

आमच्याकडं रोजच भूकंप असतो म्हणा. घरात दोन यंत्रमाग. माग सुरू झाला की बाजूच्या खोलीतलं कपाट दिवसभर बारीक हलत राहतं. वर्षभरात ते भिंतीपासून चार बोटं पुढं सरकलं होतं, आणि ते आम्हाला कळलं कसं, तर मागं पडलेली नाडीची गुंडी सापडेना म्हणून हात घातला तेव्हा. गुळगुळीत टाइलवर वस्तू पडत नाही, आधी सरकते. आम्ही पायांखाली जुन्या ट्यूबचे रबराचे तुकडे घातले. सरकणं थांबलं. पण वर आता जास्त डुलतं असं मला वाटतं. बरोबर आहे का सर?

स्थापत्य_शिक्षक

अगदी बरोबर निरीक्षण. बूड सरकू शकत असेल तर हिसक्याचा काही भाग सरकण्यात जातो. बूड रबरानं धरून ठेवलं की तो सगळा डुलण्यात येतो. म्हणून खाली रबर लावलं तर वर बांधणं भागच आहे. नुसतं रबर हा अर्धवट उपाय. पुढच्या दोन पायांखाली पाच-सहा मिलिमीटरची पट्टी देऊन कपाट किंचित मागं, भिंतीकडं रेलवलं तर मदत होते, पण तीही बांधणीला जोड म्हणून.

शहापूर_भाडेकरू

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उद्यमबागवाला

आधी मालकांना सरळ विचारा. भाऊ, चार भोकं, जाताना लांबी (पुट्टी) भरून रंग लावून देतो म्हणावं. घरात लहान मूल आहे असं सांगितल्यावर माझ्या ओळखीचे दोन मालक तयार झाले.

नाहीच म्हणाले तर कपाट आणि स्लॅब यांच्यामधली जागा भरून टाका. कपाटावर प्लायवूडचं रुंद खोकं करायचं, छतापर्यंत जेमतेम बसेल असं, आणि वरून पाचर मारायची. छत सिमेंटचं असेल तरच हं, पीओपीचं खोटं छत असेल तर ते काही धरत नाही. दोन कपाटं असतील तर शेजारी-शेजारी ठेवून वरच्या कडेला एकमेकांना बोल्टनी जोडा. एक भिंतीलगत, दुसरं काटकोनात, असं जोडलं तर दोन्ही एकमेकांना धरतात. भोकं तुमच्याच कपाटाला, मालकाच्या भिंतीला नाही.

अनगोळची_आई

प्लायवूडच्या वॉर्डरोबचं पण सांगा ना. आणि टीव्ही?

उद्यमबागवाला

वॉर्डरोबची पाठ चार-सहा मिलिमीटरची असते, तिला धरू नका. बाजूच्या उभ्या फळीला किंवा वरच्या आडव्या फळीला एल पट्टी. वर वेगळा माळा ठेवलेला असेल तर माळा आणि कपाट आधी एकमेकांना जोडा. टीव्हीच्या पाठीला भिंतीवर टांगायची स्क्रूची भोकं असतात, त्यातून नायलॉनची पट्टी काढून मागच्या भिंतीला बांधा. सिलिंडरला साखळी. आणि बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधी ड्रिल लावू नका, तिथून वायर गेलेली असते.

टिळकवाडीची_लेक

मंडळी, काल काम झालं. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गवंडी कानडी बोलणारे होते. मी भिंतीबद्दल विचारलं तर थापटून म्हणाले, "ग्वाडी गट्टी ऐती री", भिंत पक्की आहे. मी जांबोटी रोड काकांचं वाचलेलं, म्हणून म्हटलं, आधी एक बारीक भोक पाडून भुकटी दाखवा. खाली पांढरा कागद धरला. आधी गिलाव्याची फिकट राखाडी भुकटी आली, मग लालसर. म्हणजे वीट. एक वीत डावीकडं पुन्हा पाडलं, तर गिलाव्यानंतर गडद राखाडी बारीक पीठ आलं आणि ड्रिलचा आवाजच बदलला, बिट पुढं जाईना. काँक्रीटचा खांब. गवंडी स्वतःच खूश झाले. कपाट दीड फूट डावीकडं सरकवलं, एक पट्टी खांबात अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये फुगून बसणारा बोल्ट) घालून, दुसरी विटेत लांब प्लग घालून.

स्कर्टिंगची फट मोजली, पाऊण इंच. सुताराकडून ठोकळा आणला. स्टँड काढून टाकला. आईला तो हवा होता, पावसाळ्यात कपाटाचं बूड गंजेल म्हणून, तेव्हा खाली प्लास्टिकची जाड शीट घातली. वर आता काहीही नाही. पितळी पातेलं खालच्या खणात गेलं, गणपतीचं सामान खाटेखाली. आणि खाट आता कपाटासमोर नाही, खिडकीच्या बाजूला आडवी केली. खोलीत चालायला जागा कमी झाली, ते चालेल.

आईनं स्वतः येऊन कपाटाच्या दाराला धरून ओढून पाहिलं. मग दुसऱ्या हातानं वरची पट्टी चाचपली, हात पुरेना म्हणून स्टुलावर चढायला निघाली. तेवढं मी अडवलं.

आता फ्रिज राहिलाय. त्याच्या मागं बांधायला काहीच दिसत नाही.

उद्यमबागवाला

ताई, फ्रिजला भोक अजिबात पाडू नका, आतून गॅसची नळी कुठून गेलीय ते बाहेरून कळत नाही. काही फ्रिजना मागं वरच्या बाजूला धरायची खोबण असते, त्यातून नायलॉनचा पट्टा जातो. हात घालून बघा. नसेल तर वरच्या भागाभोवती रुंद पट्टा घेऊन दोन्ही टोकं भिंतीतल्या कड्यांना, दार उघडता येईल असा. कडी त्या काँक्रीटच्या खांबातच घ्या. आणि चाकं असतील तर पुढची दोन आवळून टाका. फ्रिजच्या पाठीचा एक फोटो टाकलात तर नक्की सांगतो.